वेव्ह सोल्डरिंगसाठी पाण्यात विरघळणारं मास्क: घ्यावं का?

वेव्ह सोल्डरिंगमध्ये सर्किट बोर्ड वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून नेतात; जिथे सोल्डर लागायला नको ती जागा आधी झाकायचा लेप म्हणजे मास्क. ज्यांच्याकडे वेव्हनंतर बोर्ड पाण्यानं धुतात, त्यांनीच हे पाण्यात विरघळणारं मास्क घ्यावं. नो-क्लीन फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं, पण नंतर धुवावं न लागणारं रसायन) मारून बोर्ड तसेच टेस्टिंगला पाठवत असाल तर हे तुमच्या कामाचं नाही. सोलून काढायचं रबरी मास्क घ्या आणि सुखी राहा.

भोसरी एमआयडीसीत आमचं जॉबवर्कचं छोटं युनिट आहे, प्रॉडक्शन मी बघते. पंप कंट्रोलरचा एक बोर्ड आमच्याकडे कायम असतो. त्यावरचा बझर आणि सील नसलेला रिले पाण्यात घालता येत नाहीत, म्हणून ते धुणं झाल्यावर हातानं बसवतो. त्यासाठी त्यांची भोकं वेव्हवरून मोकळी परत यायला हवीत. लीड-फ्री (बिनशिशाचं) सोल्डर २१७ अंशांना वितळायला लागतं, पण भांडं २६०च्या आसपास ठेवावं लागतं. त्या लाटेवरून बोर्ड दोन-चार सेकंदांत जातो आणि तेवढ्यात उघडी भोकं गच्च भरतात. मग डीसोल्डर पंप घेऊन एकेक भोक उपसत बसायचं. त्यात एखादं पॅड (भोकाभोवतीची तांब्याची रिंग) उचललं गेलं की रिपेअर तरी करा नाहीतर बोर्ड भंगारात टाका.

आधी आम्ही पॉलिइमाइड टेप लावायचो. टेप चांगलाच आहे, गोल्ड फिंगरसारख्या (बोर्डाच्या काठावरच्या सोनेरी पट्ट्या) सरळ कडेला आजही तोच लावतो. पण दाटीवाटीच्या पिनांमध्ये बारीक चौकोन कापून चिकटवायचे आणि नंतर चिमट्यानं ओढून काढायचे, यात ताईंचा अख्खा दिवस जातो. शिवाय काही टेपचा सिलिकॉनचा चिकटा मागे राहतो आणि तिथे बोर्डावरचं संरक्षक कोटिंग धरत नाही. रबरी मास्कमध्ये दुसरी पीडा. सोलताना तुकडा तुटून भोकात अडकतो. त्यातलं अमोनियावालं असेल तर उघडं तांबं काळं पडतं, वास येतो तो वेगळाच.

हे नवं मास्क गुलाबी, दाट, नोझलच्या बाटलीत येतं. बोर्ड उलटा धरून सोल्डर साइडला मेंदीच्या कोनासारखं दाबत जायचं. आमच्याकडे ज्या ताईंचा मेंदीचा हात चांगला आहे त्यांचं मास्किंग सगळ्यात सुबक होतं, हे मी गंमत म्हणून सांगत नाही. जोर जास्त पडला तर माल भोकातून वरच्या बाजूला येतो. पातळ गेला तर लाटेत कड उचलते आणि सोल्डर आत शिरतं. भोक पुरतं झाकलं जाऊन भोवतीच्या रिंगवर थोडं पसरेल, इतकंच हवं. रंग आहे म्हणून सुटलेलं भोक लांबूनही दिसतं. बिनरंगी मास्क स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

खरी परीक्षा वाळवण्याची. उन्हाळ्यात दुपारपर्यंत खडखडीत वाळतं. जुलैमध्ये मात्र वरून कोरडं दिसतं, आत ओलंच असतं. असा बोर्ड वेव्हवर गेला की आतल्या पाण्याची वाफ होते, मास्कवर पुटकुळ्या येतात, चट् चट् आवाज येतो आणि आजूबाजूला सोल्डरचे बारीक गोळे उडतात. पावसाळ्यात आम्ही बोर्ड ६० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवूनच पुढे पाठवतो. डिलिव्हरीची घाई असली की नेमकी हीच पायरी गाळावीशी वाटते, पण इथे घाई चालत नाही. फ्लक्सही अल्कोहोलवाला हवा. पाण्यावरचा फ्लक्स फवारला तर लाटेला पोचायच्या आधीच मास्क मऊ पडतं.

धुताना मात्र सगळे पैसे वसूल. आमचा फ्लक्स पाण्यानं धुवायचाच असतो, त्याच धुण्यात मास्कही जातं, वेगळे हात लागत नाहीत. पाणी ५० ते ६० अंश गरम हवं, गार पाण्यात नुसतं बुळबुळीत होऊन बसतं. पहिलं धुणं साध्या गरम पाण्यात करून ते पाणी थेट ईटीपीला (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेला) सोडतो, डीआय (क्षार काढलेलं) पाणी त्यानंतर. पहिल्यापासूनच डीआय फिरवत ठेवलं तर विरघळलेलं मास्क पाण्यातले क्षार काढणाऱ्या रेझिनच्या टाकीत जाऊन बसतं, आणि ते रेझिन काही फुकट येत नाही. वेव्ह झाली की त्याच पाळीत धुवून घ्यावं. भाजलेलं मास्क रात्रभर राहिलं तर सकाळी सुटायला फार वेळ लागतो. धुतल्यावर बोर्ड दिव्यासमोर धरून भोकं बघा. आत गुलाबी पापुद्रा राहिला असेल तर रिले बसवताना तिथे सोल्डर धरत नाही, नुसता काळा धूर.

किंमत टेपपेक्षा जास्त आहे. मालकांनी कोटेशन बघून "ताई, हे सोन्याचं आहे का?" असं विचारलं होतं. उपसण्यात जाणारे तास आणि उचललेली पॅडं मांडून दाखवल्यावर सही झाली.

तक्रार सप्लायरबद्दल आहे, नाव घेत नाही. दुसऱ्या लॉटच्या बाटल्या मुदत संपत आल्यावर आमच्या गळ्यात मारल्या. माल नोझलमध्येच घट्ट व्हायला लागला होता, आणि "मॅडम, हलवून वापरा" हे फोनवरचं उत्तर. आता पीओवरच (खरेदीच्या ऑर्डरवरच) लिहून देतो की किमान चार महिने मुदत शिल्लक हवी, नाहीतर माल गेटवरूनच परत. तुम्ही पहिल्याच ऑर्डरला लिहा.