बाळाच्या जेवणासाठी पुरणयंत्र: सहाव्या महिन्यापासून वर्षापर्यंतचा अनुभव

बाळाला वरचं अन्न सुरू करायची वेळ आली की घरात मिक्सरच्या छोट्या भांड्याची चौकशी सुरू होते. मी सांगलीत गणपती पेठेतल्या भांड्यांच्या दुकानातून स्टीलचं पुरणयंत्र आणलं. लेक आता वर्षाची झाली, तरी ते ओट्यावर रोज लागतंच. नव्या आयांनी हेच घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

यंत्र साधं आहे. पातेल्यावर बसणारं भांडं, तळाला बदलता येणारी जाळी, आणि दांडा फिरवला की शिजलेलं अन्न जाळीतून खाली दाबणारं तिरकं पातं. बारीक, मध्यम आणि जाड अशा तीन जाळ्या मिळाल्या, आणि बाळासाठी खरा उपयोग त्यांचाच. मिक्सरमधून निघतं ते एकजीव, गुळगुळीत. सहा महिन्यांच्या बाळाला ते चालतं, पण आठव्या-नवव्या महिन्यात तोंडात कण, छोट्या मऊ गाठी यायलाच हव्यात. घास जिभेने बाजूला सारायचा आणि हिरड्यांनी चावायचा सराव त्यातूनच होतो, त्यासाठी दातांची वाट बघत बसायचं नसतं. दहाव्या महिन्यानंतरही नुसतं पातळ गुळगुळीत खाणाऱ्या मुलांत पुढे खाण्याच्या तक्रारी जास्त दिसतात. आमच्याकडे जाळी बदलत गेली तसा घास बदलत गेला, आणि लेकीला ते कळलंही नाही.

सुरुवातीला बारीक जाळीतून मूगडाळ-तांदळाची मऊ खिचडी, लाल भोपळा, रताळं, वाफवलेलं सफरचंद. भोपळा घातला की खाली केशरी शेवयांसारखे मऊ धागे पडतात आणि शिरा वरच अडकतात. मटारची सालं, टोमॅटोच्या बिया, सगळं तसंच वर. तासगावचे बेदाणे गरम पाण्यात भिजवून घातले तर साल वर राहते, गर खाली येतो. तो चमचाभर नाचणीच्या खिरीत घातला की वेगळी साखर लागत नाही. अख्खा बेदाणा किंवा अख्खं द्राक्ष मात्र एवढ्या बाळाला द्यायचं नाही, घशात अडकतं. द्राक्षाच्या हंगामात आम्ही साल काढून, उभे चार तुकडे करूनच दिली.

सासूबाईंचा आग्रह डाळीच्या वरच्या पाण्याचा होता. त्यांनी तीन मुलं वाढवलीत, त्यांच्या मायेबद्दल शंकाच नाही. पण वाटीभर पाण्याने इवलंसं पोट भरतं आणि डाळ पातेल्याच्या तळाशी राहते. सहा महिन्यांनंतर बाळाला लोहाची गरज वाढते, आईच्या दुधातून तेवढं मिळत नाही. म्हणून डाळच जाळीतून काढायची, वर चार थेंब लिंबू पिळायचं, म्हणजे डाळीतलं लोह अंगी लागतं, आणि थोडं साजूक तूप. चमचा तिरका केल्यावर घास ओघळून पडला नाही पाहिजे, इतकं घट्ट. आता सासूबाई स्वतःच दांडा फिरवतात आणि चमचा तिरका करून मला दाखवतात. वर्ष होईपर्यंत मीठ, साखर, गूळ घातला नाही. आणि मध तर उष्टावणालाही चाटवला नाही, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

नाचणीसत्त्वाला यंत्र लागत नाही. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, मंद भाजून दळायची. मोड आल्यामुळे खीर कमी चिकट होते, म्हणून तेवढ्याच दुधा-पाण्यात पीठ जास्त मावतं. बाळ चार चमचेच खाणार असेल तर हे फार मोलाचं आहे.

आता तक्रारी. अर्धी वाटी अन्न करायचं असेल तर निम्मं जाळीलाच चिकटतं, त्यामुळे बाळासाठी वेगळं न शिजवता घरचंच वरण, भाजी फोडणी-मिठाच्या आधी काढून घेणं सोयीचं. उकडलेलं चिकन यातून नीट निघत नाही, तंतू पात्याला गुंडाळतात. ते हाताने बारीक तोडून वरणभातात कालवावं लागतं. अंड्याचा पूर्ण शिजलेला बलक छान निघतो. सगळ्यात कटकट धुण्याची. डाळ वाळली की भोकांतून निघता निघत नाही, म्हणून काम झालं की लगेच पाण्यात बुडवायचं आणि फक्त त्यासाठी ठेवलेल्या ब्रशने मागच्या बाजूने घासायचं. आणि कडप्प्याच्या ओट्यावर पातेलं सरकतं, खाली ओला पंचा लागतो.

पावसाळ्यात ऐन जेवणाच्या वेळी वीज गेली तरी लेकीचं ताट अडलं नाही, ही बाजू मिक्सरला कधीच जमणार नाही.

आता जाड जाळीचंही काम संपत आलंय. पोळी वरणात कुस्करून ती आमच्याबरोबर बसून खाते. कधी उबळ येते, खोकते आणि पुन्हा चावायला लागते. खोकला-आवाज येतोय तोवर घाबरून तोंडात बोट घालायचं नाही. आवाजच बंद झाला तर मात्र तो धोका. म्हणून बाळ सरळ बसलेलं आणि नजरेसमोरच हवं.

घेताना दुकानातच जाळीच्या कडेवरून बोट फिरवून धार लागते का बघा, पातं जाळीला नीट टेकतं का तेही फिरवून बघा. पातं वर उचललेलं असेल तर अन्न नुसतं गोल फिरतं, खाली उतरत नाही. आणि तिन्ही जाळ्या डब्यात आहेत ना, ते मोजून घ्या.