फॅमिलीसर्च : मूळ पान दाखवणारी सेवा

पूर्वजांचा शोध घेण्यासाठी फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ मी मनापासून सुचवतो, आणि ते तिथल्या तयार वंशवृक्षासाठी नव्हे, तर जुन्या नोंदवहीचे मूळ पान डोळ्यांनी पाहता येते म्हणून. लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) या ख्रिस्ती चर्चच्या या सेवेची मुळे १८९४ साली अमेरिकेतील युटा राज्यात स्थापन झालेल्या वंशावळी संस्थेत आहेत. या संस्थेने १९३८ पासून ठिकठिकाणच्या जन्म, विवाह, दफन, जमीन आणि मृत्युपत्रांच्या नोंदी मायक्रोफिल्मवर (पानांची अतिशय लहान छायाचित्रे असलेल्या फिल्मवर) उतरवल्या आणि सुमारे २४ लाख रिळांचे डिजिटलीकरण २०२१ मध्ये पूर्ण केले. खाते उघडल्यावर बहुतेक सामग्री विनामूल्य पाहता येते. काही नोंदींच्या पानांची छायाचित्रे मात्र करारांच्या अटींमुळे संलग्न केंद्रांतच उघडतात.

आडनावाच्या स्पेलिंगवर विसंबून राहिल्यास शोध लवकर अडतो. आडनावे उच्चारानुसार एकत्र लावणाऱ्या साउंडेक्स या १९१८ साली पेटंट मिळालेल्या पद्धतीत पहिले अक्षर कायम ठेवून पुढील व्यंजनांना अंक दिले जातात, त्यामुळे ‘स्मिथ’मध्ये आय असो वा वाय, संकेत एस-५३० हाच येतो, पण ‘नाइट’ कोणी के लावून लिहिले आणि कोणी एनपासून, तर एकच उच्चार दोन वेगळ्या संकेतांखाली विभागला जातो. फॅमिलीसर्चवर मात्र आडनावाचा रकाना रिकामा ठेवून केवळ नाव, गाव, सालाचा अंदाज आणि आईवडिलांची नावे देऊनही शोधता येते, आणि मला ही सोय फार मोलाची वाटते.

एका विवाहनोंदीत धर्मगुरूने वराचे आडनाव एका एलने लिहिले होते, वराने सहीच्या जागी फुली मारली होती, आणि खाली साक्षीदाराने तेच आडनाव ठळक अक्षरांत दोन एल घालून लिहिले होते. हा साक्षीदार वराचा भाऊ निघाला आणि त्याच्या स्पेलिंगने शोधल्यावर आधीची पिढी सापडली. अनुक्रमणिकेतील एका ओळीवरून हे कळले नसते.

इथला वंशवृक्ष सर्वांचा मिळून एकच आहे आणि कोणताही सदस्य त्यात बदल करू शकतो, म्हणून दुसऱ्याने जोडलेले नाते स्वीकारण्याआधी बदलांचा इतिहास, दिलेले कारण आणि जोडलेली नोंद मी आवर्जून उघडून पाहतो. केवळ आडनाव जुळते एवढाच आधार असेल, तर ते नाते मी माझ्या वहीत पेन्सिलीनेच लिहितो.