'तुमच्या नावाची सुपारी आलीय' असा फोन आला तर आधी हे वाचा

मी कोल्हापूरचा, शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे, तीन लेथ आणि एक ड्रिल मशीन, फौंड्रीवाल्यांचं जॉबवर्क करतो. गेल्या श्रावणात माझे 83,500 रुपये गेले आणि त्याच्यासोबत घरचं एक माणूस दुखावलं गेलं, म्हणून सगळं लिहितोय.

रात्री पावणेदहाला जेवत होतो, व्हॉट्सॲपवर कॉल आला, डीपीला पिस्तुलाचा फोटो. समोरचा एकदम शांत, शिवी नाही की आवाज चढवणं नाही. "मालक, जेवण झालं का? तुमच्या नावाची सुपारी आलीय माझ्याकडं. पाच पेटी ठरलीत, दोन पोचलीत. पण तुमची पोरगी बघितली कॉलेजला जाताना, हात धजंना." म्हणाला कळंबा जेलात होतो, मोक्क्यातनं सुटून आलोय. मग दोन फोटो पाठवले, एक माझ्या वर्कशॉपच्या शटरचा आणि एक पोरीच्या मोपेडचा, नंबर प्लेटसकट. हातातला घास ताटात ठेवला आणि उठून दाराला आतनं कडी घातली.

लोक विचारतात तुला खरं वाटलंच कसं. अहो, आपण हे जग लांबनं का होईना बघतोच की. रंकाळ्यावर भेळेच्या गाडीशी जामिनावर सुटलेला एक जण येऊन बसला, गाडीवाल्यानं त्याच्याकडनं पैसे घेतले नाहीत आणि आजूबाजूचे सगळे बारीक आवाजात बोलायला लागले, हे मी स्वतः बघितलंय. 12 ऑक्टोबर 2024 ला वांद्र्यात बाबा सिद्दिकींना गोळ्या घातल्या तेव्हा टीव्हीवर पकडलेली पोरं दाखवली, विशीतली, माझ्या हेल्परच्या वयाची. ते डोक्यात बसलेलं असतं, फोन आला की सगळं एकदम वर येतं.

मी विचारलं सुपारी दिली कुणी. तर तो म्हणतो, "तुम्हीच सांगा की मालक, तुमचं वाकडं कुणाशी आहे?"

हा प्रश्न नीट लक्षात ठेवा, सगळा खेळ इथंच झाला. करवीर तालुक्यात आमची 22 गुंठे जमीन आहे, वाटणीवरनं चुलतभावाशी, म्हणजे आमच्या दादाशी, दावा चालू आहे. माझ्या तोंडनं दादाचं नाव गेलं. तो जरा थांबला आणि म्हणाला, "बघा हं, नाव मी घेतलं नाही. तुम्हाला माहितीच होतं म्हणायचं." मला वाटलं पुरावाच मिळाला, आणि नाव तर मीच पुरवलं होतं. भाऊबंदकी कुणाच्या घरात नसते सांगा? कुणालाही विचारलं तरी एक नाव येणारच.

त्या रात्री 18,500 दिले, 'पोरांना मागं बोलवायला'. सकाळी 40,000. तिसऱ्या दिवशी 25,000, दादाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग देतो म्हणाला म्हणून, ते काय आलंच नाही. प्रत्येक वेळी यूपीआयला वेगळंच नाव दिसायचं तरी मी पाठवत राहिलो. पाचव्या दिवशी अजून एक लाख मागितले तेव्हा बायकोनं हाताला धरून पोलीस स्टेशनला नेलं.

तिथल्या हवालदारसाहेबांनी मोबाईलवर गुगल मॅप काढलं, वर्कशॉपचं नाव टाकलं, तोच शटरचा फोटो. शटर निळं. मी ते फोन यायच्या आधीच्या दसऱ्यालाच हिरवं करून घेतलेलं, म्हणजे फोटो जुना, पण भीतीत रंगसुद्धा दिसला नाही मला. मोपेडचा फोटो पोरीनंच टाकलेला, नवी गाडी, हार घालून. ते म्हणाले, मारायची सुपारी घेतलेला माणूस आधी फोन करून कळवंल होय? ही सरळ खंडणी आहे, न्याय संहितेचं कलम 308, आणि धमकीचं 351. पैसे भाड्यानं घेतलेल्या खात्यांत जातात आणि तिथनं काही तासांत पुढं सरकतात, म्हणून पैसे गेल्या गेल्या 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. मी पाचव्या दिवशी केला, 9,000 तेवढे अडवता आले. नंतर वाचलं की असल्याच ईमेलबद्दल अमेरिकेत एफबीआयनं 2006-07 च्या सुमारासच लोकांना सावध केलं होतं. इतकी जुनी युक्ती, आणि आमच्या गल्लीपर्यंत आली.

आता राहिलेलं सांगतो. तिसऱ्या रात्री मी दादाच्या दारात जाऊन वाट्टेल ते बोललो होतो, काकीसमोर, त्याच्या पोरांसमोर. तक्रार अर्जात संशयित म्हणून माझ्याच अक्षरात त्याचं नाव लिहिलं होतं. पुरवणी जबाब देऊन ते मागं घेतलं आणि सरळ त्याच्या घरी गेलो. काकीनं चहा ठेवला. दादा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "भांडण गुंठ्याचं होतं रं. मी तुला मारायला माणूस लावीन असं वाटलं तुला?"

चहा तसाच ठेवून उठलो. दाव्याची पुढची तारीख लागलीय, तिथं समोरासमोर येणारच आहोत.