हाइड पार्कचं रूझवेल्ट ग्रंथालय: पुतळे राहू द्या, खाडाखोड बघा

अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या सरकारी ग्रंथालयांतलं पहिलं न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कला आहे, फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं. 30 जून 1941 ला ते उघडलं तेव्हा रूझवेल्ट स्वतः पदावर होते. जागा घरच्या इस्टेटीतली, बांधकाम देणग्यांतून, आणि कागदपत्रं सरकारच्या हवाली. पुस्तकं चाळायच्या अपेक्षेने जाल तर निराश व्हाल. लोकांसाठी इथे संग्रहालय आहे आणि संशोधकांसाठी अभिलेखागार.

पोचायला न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलवरून हडसन लाइनची गाडी धरायची आणि पकिप्सी या शेवटच्या स्टेशनावर उतरायचं. प्रवास साधारण दोन तासांचा. जाताना डावीकडची खिडकी पकडा, नदी त्याच बाजूला आहे. पुढचं दहाएक किलोमीटर टॅक्सीने. परतीची टॅक्सी आधीच ठरवून ठेवा, नाहीतर शेवटचा तास फोनवरच जातो. आत शिरल्यावर आधी वॉलेस सेंटर या अभ्यागत केंद्रात जाऊन रूझवेल्टांच्या शेजारच्या स्प्रिंगवुड या घराची वेळ घ्या. घर गाइडसोबतच बघता येतं, संग्रहालय मात्र आपल्या गतीने. संग्रहालयाला तीन तास द्या. उलटा क्रम केला, तर घराची वेळ दुपारच्या मधोमध येते आणि युद्धाची दालनं धावत बघावी लागतात.

मंदीच्या दालनात रूझवेल्टांची रेडिओवरची भाषणं ऐकायची सोय आहे. 12 मार्च 1933 चं पहिलं भाषण सावकाश ऐका. देशातल्या बँका बंद होत्या, लोकांनी ठेवी काढायला रांगा लावल्या होत्या. अशा वेळी हा माणूस आधी काय सांगतो, तर तुम्ही ठेवलेला पैसा बँक तिजोरीत नुसता ठेवत नाही, कर्जात आणि रोख्यांत गुंतवते, म्हणून सगळ्यांनी एकदम मागितला तर देता येत नाही. मग बँका कोणत्या क्रमाने उघडणार, ते. धीर देणं त्यानंतर. संकटात लोकांशी कसं बोलावं हे शिकायचं असेल, तर मला हे भाषण त्यांच्या गाजलेल्या वाक्यांहून जास्त मोलाचं वाटतं.

पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतरच्या भाषणाचा पहिला टंकलिखित मसुदा याच ग्रंथालयाच्या संग्रहात आहे. 7 डिसेंबर 1941 हा दिवस ‘जगाच्या इतिहासात’ राहील, असं आधी टाइप झालं होतं. रूझवेल्टनी पेन्सिलीने ते खोडून कलंकाचा अर्थ असलेला शब्द घातला. पुढे ‘एकाच वेळी’ काढून ‘अचानक’ केलं. या दोन दुरुस्त्यांनी माहितीचं आरोपपत्र झालं! कागद उजेडाने विरतो, म्हणून अशा ठिकाणी बरेचदा मूळ प्रतीऐवजी नक्कल मांडतात. काचेखालची चिठ्ठी वाचून मगच पुढे सरका.

रूझवेल्टांची अभ्यासिका चुकवू नका. पदावर असताना हाइड पार्कला आले की ते इथे काम करत. साध्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीला चाकं लावून केलेली त्यांची व्हीलचेअर आहे, तिला हात नाहीत, कारण खुर्चीवरून खुर्चीवर सरकायचं असे. खाली 1936 ची फोर्ड फेटन मोटार आहे, हाताने चालवता येईल अशी बदललेली. 1921 मध्ये, 39 व्या वर्षी पाय लुळे पडले, त्यानंतर चार वेळा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकली, हे सगळ्यांना पाठ असतं. ते रोज कसं निभावलं, ते या दोन वस्तू सांगतात.

भक्तिभावाने जाणाऱ्यांनी वादग्रस्त निर्णयांचे टचस्क्रीन टाळू नयेत. 19 फेब्रुवारी 1942 च्या आदेशाने जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 लोकांना छावण्यांत डांबलं गेलं, त्यात बहुसंख्य अमेरिकी नागरिक होते. युरोपातल्या ज्यूंसाठी पुरेसं केलं का, हाही प्रश्न तिथे आहे. कागद समोर ठेवून निकाल तुमच्यावर सोडलाय, ते मला आवडलं. तक्रार एवढीच की एका पडद्यापाशी एकच माणूस नीट वाचू शकतो. गर्दी असेल तर पुढे जाऊन नंतर परत या.

त्यांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांचं व्हॅल-किल हे घर इथून तीनेक किलोमीटरवर आहे, ते याच दिवसात कोंबू नका. मूळ कागद हाताळायचे असतील तर अभिलेखागाराशी आधी संपर्क करून, कोणत्या संग्रहातली कोणती पेटी हवी ते कळवायचं. आत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. बरेच कागद ‘फ्रँकलिन’ नावाच्या त्यांच्या डिजिटल संग्रहात घरबसल्या दिसतात, त्यामुळे आधी तिथे शोधा आणि जे सापडणार नाही तेवढ्याचीच यादी न्या.