शिक्क्यांनी भरलेलं सर्व्हिस बुक आणि आतून कुजलेली १९०-ई

जर्मनीत जुनी, जपलेली मर्सिडीज किंवा बीएमडब्ल्यू घ्यायचा विचार करणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे लिहितोय. स्टुटगार्टच्या आसपास मराठी माणसं आता भरपूर आहेत. १९९५ पासून पुण्यात मर्सिडीजची डब्ल्यू-१२४ जोडली जाऊ लागली आणि पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यांवर ती बघत आमची पिढी मोठी झाली. इथे येऊन चार पैसे गाठीशी जमले की ती ओढ वर येते. ती ओळखून जाळं टाकणारे लोक इथे बसलेले आहेत. माझे २३ हजार युरो अशाच एकाकडे गेले.

गाडी होती मर्सिडीज १९०-ई २.३-१६, १९८७ सालची, धुरकट चंदेरी रंगाची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिसायला ती साधी चार दारांची सेडान, पण इंजिनाचं सोळा व्हॉल्व्हचं हेड इंग्लंडच्या कॉसवर्थ या रेसिंग इंजिनं बनवणाऱ्या कंपनीने केलेलं आणि पहिला गिअर डावीकडे खाली. १९८३ च्या ऑगस्टमध्ये इटलीतल्या नार्दोच्या ट्रॅकवर या गाडीने ५०,००० किलोमीटर सरासरी ताशी २४७.९ किलोमीटरने कापले. १२ मे १९८४ ला न्युर्बुर्गरिंगचा नवा ट्रॅक सुरू झाला, तेव्हा नामवंत ड्रायव्हरांना एकसारख्या १९०-ई देऊन शर्यत लावली होती. ती जिंकली फॉर्म्युला वनच्या तरुण आयर्टन सेनाने, तिथलाच मुरलेला ड्रायव्हर निकी लाउडाला मागे टाकून. अशी गाडी आपल्या दारात असावी असं वाटण्यात गैर काहीच नाही, हे मी आजही म्हणतो.

जाहिरातीत जे जे हवं ते सगळं होतं: सर्व्हिस बुक पूर्ण भरलेलं, अपघात नाही, १ लाख ४१ हजार किलोमीटर, ऐतिहासिक गाडीची एच-प्लेट, ट्यूफची, म्हणजे इथली सक्तीची तांत्रिक तपासणी नुकतीच झालेली. भावही संशय यावा इतका कमी नव्हता. बाजारभावापेक्षा थोडासाच उतरता. फार स्वस्त असेल तर माणूस सावध होतो, हे त्या विक्रेत्याला पक्कं ठाऊक होतं. शहराबाहेर औद्योगिक वसाहतीत त्याचं छोटं आवार, आत दोन-तीन जुन्या गाड्या चकचकीत पुसून ठेवलेल्या. कॉफी दिली. सेनाच्या शर्यतीची गोष्ट माझ्याआधी त्यानेच काढली. गाडी आपली नाही, एका वृद्ध गृहस्थांची आहे, त्यांना आता चालवणं होत नाही, मी फक्त त्यांच्या वतीने विकतोय, असं तो म्हणाला.

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. जर्मनीत व्यावसायिक विक्रेत्याने खासगी ग्राहकाला वापरलेली गाडी विकली, तर निदान वर्षभर दोषांची जबाबदारी त्याला टाळता येत नाही. खासगी माणसाने खासगी माणसाला विकली तर ही जबाबदारी करारात नाकारता येते. म्हणून काही विक्रेते स्वतःच्या मालकीची गाडी ‘इम कुंडेनआउफट्राग’, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने, विकल्याचं नाटक करतात. कागदावर विकणारे ते गृहस्थ, पैसे घेणारा हा. माझ्या करारात जबाबदारी नाकारलेली होती. शिवाय ‘अपघात नाही’ आणि किलोमीटरचा आकडा या दोन्हींच्या पुढे ‘लाउट फोरबेझित्झर’, म्हणजे आधीच्या मालकाच्या सांगण्यानुसार, असं टाईप केलेलं. इथली न्यायालयं याला हमी मानत नाहीत, ऐकीव माहिती पुढे दिली एवढंच मानतात. बारीक अक्षरातले ते दोन शब्द मला काही हजार युरोंना पडले आहेत.

मी डोळे मिटून गेलो नव्हतो. चॅसिस नंबरात २०१.०३४ आहे, म्हणजे गाडी खरोखरच २.३-१६ आहे, साध्या १९०-ला प्लास्टिकचे पट्टे लावून सजवलेली नाही, हे तपासलं. गाडी चालवली, इंजिन सुरेख ओढत होतं. सर्व्हिस बुक पान न् पान पाहिलं, प्रत्येक पानावर शिक्का, तारीख, सही. नव्या नोंदणीपत्रात फक्त शेवटच्या दोन मालकांची नावं असतात, आधीच्यांचा नुसता आकडा. आकडा जरा मोठा दिसला म्हणून विचारलं, तर उत्तर तयार होतं: घरातल्या घरातच नावं बदलली, वडील, मुलगा, सून. २००५ च्या ऑक्टोबरपूर्वीच्या जुन्या नोंदणीपत्रात सहा मालकांपर्यंत नावं मावत. ते जुनं पत्र रद्दीत गेलं म्हणे. ट्यूफचे जुने अहवालही गेले. हरवायचं तेवढंच नेमकं हरवलेलं होतं.

खरा प्रकार कळला तो ब्रेक ऑइल बदलायला गेलो तेव्हा. आमच्या गावात एक वयस्क मेकॅनिक आहेत, उभं आयुष्य याच गाड्यांवर काढलेले. गाडी लिफ्टवर चढवली आणि ते गप्पच झाले. खालून सगळीकडे जाड काळं संरक्षक लेपण, अगदी ताजं. त्यांनी मला विचारून दाराखालचं प्लास्टिकचं आवरण काढलं आणि आत पेचकस टेकवला. पेचकस आत गेला. जॅक लावायच्या जागा चारही कुजलेल्या, एका बाजूला पत्र्याचं ठिगळ वेल्डिंग करून वर पुटी भरलेली. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मागच्या चाकावरच्या पत्र्याला लावलं तर आकडा कारखान्याच्या रंगाच्या कितीतरी पट.

मग ट्यूफने पास कशी केली? अनेकांना माहीत नसतं, पण ती तपासणी गाडीचा कुठलाही भाग न उघडता करायची असते. दिसेल, ऐकू येईल, हलवून कळेल तेवढंच. सोळा व्हॉल्व्हच्या या मॉडेलला खालून सगळीकडे प्लास्टिकची आवरणं आहेत. पाणी त्यांच्या मागे साचतं, पत्रा तिथेच सडतो आणि तपासनीसाला ती आवरणं काढायची मुभा नसते. एच-प्लेटचंही तेच. गाडी ३० वर्षांची झाल्यावर तिची अवस्था बघून ती मिळते, वर्षाला १९१.७३ युरो ठरावीक कर बसतो. त्यातून आजच्या पत्र्याची काहीच खात्री मिळत नाही.

त्यानंतर मेकॅनिकनी सर्व्हिस बुक मागितलं, चष्मा लावून बसले आणि १९८९ च्या नोंदीवर बोट ठेवलं. शिक्क्यात गॅरेजचा पत्ता होता आणि पत्त्यातला पिनकोड पाच आकडी. जर्मनीत पाच आकडी पिनकोड १ जुलै १९९३ ला आले, त्याआधी ते चार आकडी होते. १९८९ सालच्या शिक्क्यावर तो आकडा असणं शक्यच नाही. पुढची पानं बघितली तर वर्षं बदलत गेली, पण पेनाची शाई आणि हाताचं वळण तेच. कोरं पुस्तक आणि रबरी शिक्के मिळवून एका बैठकीत गाडीचा अख्खा भूतकाळ लिहून काढला होता. डिकीत स्टेपनीखाली, पन्नीच्या मागे दुमडलेला एक कागद सापडला, २००३ च्या ट्यूफ अहवालाचा. त्यावर किलोमीटर होते २ लाख ६८ हजार. मीटर मागे फिरवणं इथे २००५ पासून फौजदारी गुन्हा आहे. पण तो कुणी आणि कधी फिरवला, हे मला सिद्ध करायचं आहे.

नोंदणीपत्रावरच्या शेवटच्या मालकाच्या पत्त्यावर मी पत्र पाठवलं. उत्तर त्यांच्या मुलीकडून आलं. वडील वारले, गाडी तिने त्या विक्रेत्याला रोख पैसे घेऊन कायमची विकून टाकली होती, खाली गंज आहे हे सांगूनच. तिच्याकडे पावती होती, तिने तिची प्रत पाठवली. अनोळखी परदेशी माणसासाठी तिने एवढं केलं, याचे आभार कसे मानावेत कळत नाही. माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम कागद तोच आहे. गाडी विक्रेत्याच्याच मालकीची होती, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने विकल्याचं सोंग गळून पडतं. शिवाय गंज त्याला माहीत होता, आणि जाणूनबुजून लपवलेल्या दोषाला ‘जबाबदारी नाही’ या कलमाचं संरक्षण मिळत नाही. फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत करार रद्द ठरवता येतो. तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी ही मुदत पाळा, बाकी सगळं नंतर.

विक्रेत्याने आवार बंद केलं आहे आणि दुसऱ्या नावाने धंदा सुरू केल्याचं ऐकतो. पोलिसांत तक्रार दिली आहे, दिवाणी दावा चालू आहे. वेल्डिंग आणि रंगाचा अंदाज गाडीच्या निम्म्या किमतीच्या वर जातो.

म्हणून सांगतो, ‘नीट जपलेली’ हे शिक्क्यांच्या पुस्तकावरून ठरवू नका. ते पुस्तक विकणाऱ्याच्या हातात असतं, त्यात काय लिहायचं ते तोच ठरवतो. गॅरेजची बिलं मागा, ज्यावर तारीख, किलोमीटर आणि बदललेल्या पार्टांची नावं असतात. ट्यूफचे जुने अहवाल मागा आणि त्यांतले किलोमीटर वर्षवार मांडून बघा. सगळेच हरवलेत म्हणाला तर तिथून निघा. शेवटच्या मालकाशी स्वतः फोनवर बोला. आणि पैसे देण्याआधी गाडी तुम्ही निवडलेल्या गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून, प्लास्टिकची आवरणं काढून बघायची परवानगी मागा. प्रामाणिक माणूस कुरकुरेल, पण देईल. माझ्या मेकॅनिकनी यासाठी जे पैसे सांगितले त्यात घरच्या चौघांचं बाहेरचं जेवणही झालं नसतं.

वकिलाच्या खर्चाचा विमा इथे मिळतो. बहुतेक ठिकाणी तो लागू व्हायला तीन महिने जावे लागतात आणि आधीच उभा राहिलेला वाद त्यात बसत नाही. गाडी शोधायला सुरुवात करण्याआधीच तो घ्या. माझा होता, म्हणून मी अजून लढू शकतोय.