सादळलेल्या रजिस्टरवर चिनी शाईपेनं

हर्णै बंदराजवळच्या एका मच्छीमार सोसायटीत मी लिखापढी बघते. डिझेलचं रजिस्टर, बर्फाचा हिशेब, सभासदांची खाती, सगळं हाताने. पावत्यांना कार्बन लागतो, तिथे बॉलपेनच. बाकी सगळीकडे शाईपेन. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते आणि १ ऑगस्टपासून रजिस्टरं भरायला लागतात, पण पाऊस कुठे थांबलेला असतो? कागद सादळतो, त्यावर शाई फुटते. म्हणून स्वस्त चिनी पेनांना माझ्याकडे परीक्षा एकच: ऑगस्टात बारीक रकान्यातले आकडे सुटे दिसले पाहिजेत.

जिनहाओ एक्स७५० या परीक्षेत बसत नाही. पितळी अंग, मोठी निब, टेबलावर ठेवलं की साहेबी थाट. चेअरमनांच्या सहीला झकास! पण रेघ जाड आणि शाई मोकळ्या हाताने सोडणारं. उन्हाळ्यात चालून जातं. टोपण मागे खोचून लिहिलं तर वजन मागे ओढतं आणि दुपारपर्यंत मनगट बोलायला लागतं.

त्याच कंपनीचं शार्क मात्र दिसायला अगदी पोरकट. टोपणालाच माशाचं तोंड. पहिल्यांदा खिशाला लावलं तेव्हा एका तांडेलाने विचारलंच, "काय मॅडम, मुशी गावली काय?" हसू देत. निबेचं फक्त टोक बाहेर, बाकी आवरणाखाली झाकलेली, त्यामुळे कोणी मध्येच बोलत उभं राहिलं तरी शाई पटकन सुकत नाही. रेघ बारीक, पेन हलकं, टोपण ओढलं की निघतं. तीनशेच्या आत याहून कामाचं पेन मला दिसलेलं नाही.

जिनहाओ ८२ला फिरकीचं टोपण आहे. दर नोंदीला फिरवत कोण बसणार? रंग सुंदर असतात, घरी डायरीला घ्या.

विंग संग ६०१ वेगळ्या जातीचं. रूप १९४१च्या पार्कर ५१चं, निब तशीच झाकलेली. मागची टोपी काढून दट्ट्या पुन्हा पुन्हा दाबायचा, शाई थेट पोटात चढते. साध्या कन्व्हर्टरपेक्षा, म्हणजे पेनात बसवायच्या शाई ओढणाऱ्या छोट्या नळीपेक्षा, बरीच जास्त मावते. पण धुवायला महाकंटाळवाणं. एकच शाई कायम वापरणाऱ्याने घ्यावं. याच वळणाचं हिरो ६१६ बघत असाल तर जपून, त्या नावाने बनावट माल फार फिरतो.

पेन कुठलंही आणा, आधी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून धुवा, कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं. निबेच्या फटीच्या दोन्ही बाजूंची टोकं भिंगातून बघा. या किमतीत एखादी वर-खाली निघतेच.

आणि शाई. आमच्याकडे सहीला येणारा हात ओला असतो, तिथे धुवून जाणारी निळी शाई म्हणजे पानभर आभाळ. घेण्याआधी कागदावर दोन ओळी लिहून वाळू द्या आणि नळाखाली धरा. जी टिकते तीही पेनात सुकू देऊ नका, पुढची वाट बुजते.

सध्या दुसरं शार्क मागवलंय. त्यात लाल शाई भरणार, बर्फाच्या उधारीसाठी.