स्टिफ-लेग डेडलिफ्टसाठी घरगुती रॉड-प्लेटांचा सेट: घ्या, पण सोबत विटा ठेवा

तालुक्याच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारा घरगुती सेट, म्हणजे एक रॉड, डंबेलच्या दोन दांड्या आणि पीव्हीसीच्या प्लेटा, गावातली पोरं छाती-दंडासाठी घेतात. मांडीच्या मागच्या बाजूसाठी, स्टिफ-लेग डेडलिफ्टला, म्हणजे गुडघे जवळपास सरळ ठेवून पुढे वाकून वजन उचलण्याच्या व्यायामाला, तो कितपत चालतो? 40 किलोपर्यंत चांगला चालतो. मात्र जसा येतो तसाच जमिनीवरून उचलला तर कंबर धरते.

दोष प्लेटांच्या आकाराचा आहे. स्पर्धेतल्या प्लेटचा व्यास 45 सेंमी असतो, त्यामुळे बार (म्हणजे रॉड) जमिनीपासून साडेबावीस सेंमी वर राहतो. घरगुती प्लेटा बऱ्याच लहान, म्हणून बार घोट्याजवळ येतो. गुडघे जवळपास सरळ ठेवून तिथवर वाकताना मांडीच्या मागच्या शिरा आधीच पूर्ण ताणल्या जातात आणि उरलेलं वाकणं कंबरेच्या मणक्यांतून होतं. पाठ गोल झाली की भार मणक्यांमधल्या चकत्यांवर जातो. म्हणून दोन्ही बाजूंच्या प्लेटांखाली पक्क्या विटा किंवा लाकडी ठोकळे सारख्या उंचीचे लावा, बार नडगीच्या मध्यावर आला पाहिजे. विटांवर बारदान्याची घडी टाका, नाहीतर प्लेटा घसरतात.

रॉड पाच फुटी आणि सरळच मागा. तीन फुटी वाकडा रॉड बायसेपचा आहे. त्यात प्लेटा पायांना लागतात आणि बार अंगापासून दूर धरावा लागतो. 25 मिमी जाडीचा भरीव पाच फुटी रॉड सहा किलोच्या आसपास भरतो. बराच कमी भरला तर आत पोकळ पाइप आहे, घेऊ नका. प्लेटाही अडतीच्या काट्यावर एकेक करून मोजा, कारण डाव्या-उजव्या बाजूत फरक असला की बार वर येताना कंबर पिळते. पीव्हीसीच्या खोळीत बहुधा सिमेंटचा माल असतो. तो लोखंडाच्या तिपटीने हलका, म्हणून प्लेट जाड होते आणि रॉडच्या टोकाला जागा लवकर संपते. आपटली की आतला माल फुटतो, तेव्हा बार सोडू नका, टेकवा. टोकाचे नट व्यायामाच्या प्रत्येक सेटनंतर (फेरीनंतर) आवळा.

आता उचलणं. पाय कमरेइतक्या अंतरावर, अनवाणी किंवा सपाट तळाचे कॅनव्हास. मऊ तळाच्या बुटात तोल डळमळतो. गुडघे किंचित वाकवा आणि त्याच कोनात ठेवा. पोटात श्वास भरून पोट कडक करा, ढुंगण मागे ढकला, बार मांडी-नडगीला घासत खाली न्या. शिरा ताणल्या की थांबा, ठोकळा अजून खाली असला तरी. वर येऊन सरळ उभं राहा, मागे झुकू नका. सुरुवातीला नुसती काठी पाठीवर उभी धरून वाका: डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी ती टेकलेली राहिली पाहिजे. कमरेपाशी काठी पाठीला चिकटली, तर पाठ गोल होतेय. काठीनं जमलं की रिकामा रॉड, मग 8 ते 10 वेळांचे 3 सेट. शेवटच्या वेळेलाही पाठ सरळ राहिली तरच पुढच्या खेपेला अडीच किलो वाढवा.

आपल्याकडे वेळेचंही भान हवं. दिवसभर सोयाबीन सोंगून किंवा वावरात निंदण करून आलेली कंबर तासन्‌तास वाकलेलीच असते. तिचे स्नायू थकलेले आणि बंध सैल पडलेले असतात. त्या संध्याकाळी हा व्यायाम टाळा. उठल्या उठल्याही नको: रात्रभरात चकत्या पाणी शोषून फुगतात आणि वाकताना त्यांच्यावर जास्त ताण येतो, तासभर हिंडून-फिरून मग करा. उन्हाळ्यात घामानं रॉड निसटतो. हात आणि रॉड दोन्ही कोरड्या फडक्यानं पुसा.

कंबरेतून पायात कळ किंवा मुंग्या उतरत असतील, तर हा सेट घेण्याआधी डॉक्टरला दाखवा.